गोदाचं उत्तर

हे मी तोंडानं सांगतेय, आणि सांगताना मधेमधे तुम्ही हूं म्हणायचं. नुसती मान हलवू नका, मला ऐकू यायला पाहिजे. माझी सवयच आहे तशी. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, घरोघर फोन यायच्या आधीपासून. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात दोऱ्या. कॉल जोडून दिला की आमच्या सुपरवायझर बाई मागून ओरडायच्या, "दोन्हीकडून हॅलो ऐकल्याशिवाय लाईन सोडायची नाही गं!" एका बाजूचा हॅलो काही कामाचा नसतो, माणूस भिंतीशी बोलत असेल. म्हणून मी थांबायची. इकडचा हॅलो, तिकडचा हॅलो, मग माझा कान बाजूला. नोकरीभर हे पाळलं आणि म्हातारपणी नेमकं तेच सुटलं.

माझं नाव उज्ज्वला, पण आक्का म्हटल्याशिवाय कुणी ओळखायचं नाही. तालुक्याच्या गावी, बँक कॉलनीत एकटी राहते. यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा मकरंद पुण्याला, सूनही तिकडेच नोकरीला. सासरचं घर टाकळगावला, बसनं तासाभराच्या आत. तिथं माझी धाकटी जाऊ राहायची, गोदावरी. तिचा मुलगा दत्तू शेती बघतो. गोदाचं आणि माझं कसं होतं सांगू? समोरासमोर बसलो की भांडण ठरलेलं. साडीवरून, लोणच्यावरून, सासूबाईंनी कुणाला जास्त जीव लावला त्यावरून. आणि चार दिवस भेट नाही झाली की दोघींना करमायचं नाही.

आता माझ्या खोडीबद्दल. मी फोटो पाठवायची. सकाळी गुलाबाचा, एकादशीला विठ्ठलाचा, मधे कुठला घरगुती उपाय, कुठं साप निघाला, कुठल्या गोळीनं कोण मेलं. आलं की पुढे. मला वाटायचं, आपल्याला कळलंय तर चार जणांना कळू दे. त्यात वाईट काय? ऑपरेटर बाई होते हो मी, इकडचं तिकडे जोडून देणं हाच माझा जन्म. मकरंद चिडायचा. "आई, एकदा तरी खात्री करून घेत जा!" कशी करायची खात्री? तेव्हा जमाना असा आला होता की खऱ्या फोटोत आणि यंत्रानं बनवलेल्या फोटोत काडीचा फरक उरला नव्हता. आधी म्हणे बोटं मोजायची, सावल्या बघायच्या, कॅमेऱ्याचा छुपा शिक्का तपासायचा. मग बनवणारी यंत्रं शिक्काही बनवायला लागली. तपासणारी यंत्रं हरली. शेवटी सरकारनं काय केलं, तर फोटो तपासायचं सोडून दिलं आणि माणसं तपासायला घेतली. फोटो काय आहे ते बघायचंच नाही, पाठवणारा कोण आहे ते बघायचं. मास्तर, डॉक्टर, ज्यांचा मागचा हिशेब स्वच्छ, त्यांनी पाठवलेल्यावर हिरवी खूण यायची. ज्यांनी पूर्वी खोटं पाठवलंय त्यांच्यावर नजर.

आणि मी नेमकी कलिंगडात सापडले. एक माणूस कलिंगडाला लाल रंगाचं इंजेक्शन टोचतोय असा फोटो होता. अर्ध्या गावानं पाठवला, मीही पाठवला. पोरांनी स्टँडसमोरच्या गाडीवाल्याची गाडी उलटी केली, बिचाऱ्याचा हात मोडला. नंतर कळलं, तो टोचणारा माणूस जगात नव्हताच आणि ते कलिंगडही नव्हतं. पोलीस घरी आले. बाई, माझ्या दारात पोलीस! कॉलनी सगळी गॅलरीत उभी. मकरंद गाडी काढून आला, ठाण्यात जाऊन बसला, परत आला आणि म्हणाला, "आई, दे तुझा फोन. एक अपडेट टाकतो. केस होणार नाही आणि तुला कुणी काही बोलणार नाही."

मी दिला फोन. पोटच्या पोराला काय विचारायचं?

त्यानंतरचं वर्ष मी फार सुखात होते. हे सांगताना आज माझीच मला लाज वाटते, पण होते. इतकी वर्षं मी फोटो पाठवायची आणि पलीकडे सगळी सामसूम. ती निळी टिक उमटायची की पाहिला, पण उत्तर कुणाचं नाही. आता सगळे बोलायला लागले! भाची लिहायची, "मावशी, किती छान." कॉलनीतल्या बायका हात जोडल्याचं चित्र धाडायच्या. माझा पाय सुजला तर मी फोटो काढून मकरंदला धाडला. लगेच उत्तर: "आई, गरम पाण्यात मीठ टाकून पाय ठेव. उद्या सांग मला." आणि दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः विचारलं, "पाय कसाय?" मी तो मेसेज शेजारणीला वाचून दाखवला. म्हटलं, बघा, लग्न झाल्यावर पोरं बदलतात म्हणतात, माझा सुधारला.

आणि गोदा! गोदा तर खुललीच होती. सकाळी गुलाबाचा फोटो टाकला तर म्हणायची, "आक्का, एवढे गुलाब अन् काटा एकबी न्हाई? तुझ्या जिभेचा लाव की एखादा." मी दिवसभर हसत होते. संक्रांतीला वाणाला आली तेव्हा मात्र बसल्या बसल्या म्हणाली, "हल्ली लई शांत झालीस गं आक्का." मला वाटलं, टोमणा मारतेय. मी म्हटलं, "हो बाई, तू बोलतीस तेवढं पुरे आहे." तिनं तिळगूळ तोंडात टाकला. विषय तिथंच राहिला.

मग नवरात्र आलं.

आमच्यात घट टाकळगावच्या घरी बसतो, म्हणजे गोदाकडे. पण फराळाचं सामान मोठीकडून जायचं, अशी रीत सासूबाईंनी घालून दिलेली. घट धाकटीच्या हाती, फराळ मोठीच्या हाती, म्हणजे दोघींनी एकमेकींना धरून राहावं. मी दरवर्षी साबुदाणा, शेंगदाणे, राजगिरा आणि भगरीचं पीठ पाठवायची. यंदाही पाठवलं. दत्तू खत न्यायला आला होता, त्याच्याजवळ पिशवी दिली. त्याच दुकानातून त्याच पोत्यातलं पीठ मी माझ्यासाठीही आणलं होतं. गोदा नऊ दिवस कडक धरायची, अनवाणी. मी उठता-बसता करते, पहिला दिवस आणि अष्टमी. पहिल्या दिवशी मी साबुदाण्यावर भागवलं. पीठ उघडलं ते अष्टमीला, सकाळी अंघोळ करून.

परातीत ओतलं आणि वास आला. ओल्या पोत्याचा. पिठात गुठळ्या होत्या, फोडल्या तर आतून हिरव्या-काळ्या, आणि बारीक जाळी. भगरीनं बाधा होते हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे, दर नवरात्रात कुठल्या ना कुठल्या गावाची बातमी असते. आणि अष्टमीला गोदाकडे गल्लीतल्या बायका फराळाला असतात, भगरीचं पीठ ती तेव्हाच काढते. हेच पीठ. मी पाठवलेलं.

मी फोटो काढला. गुठळी फोडून, उजेडात धरून, नीट दिसेल असा. खाली लिहिलं: "गोदा, मी पाठवलेलं भगरीचं पीठ बुरशीचं आहे. भाकरी करू नकोस. कुणाला देऊ नकोस." गोदाला पाठवला. घरच्या ग्रुपवर टाकला. महिला मंडळात टाकला. दुकानदाराला धाडला.

मी फोन करायला बोट लावलंच होतं, तेवढ्यात तिचं उत्तर आलं: "बरं झालं सांगितलंस आक्का. गाईलाबी घालत न्हाई, उकिरड्यावर टाकते. तुझी भगर अन् तुझा सोभाव, दोन्ही जपून घ्यावं लागतं."

आता सांगा, कोण शंका घेईल? गाईची आठवण गोदालाच यायची. टोमणा तिचाच. पाठोपाठ दुकानदार म्हणाला, "सॉरी मावशी, सगळा माल परत बोलावतो." मंडळातल्या बायकांनी आभार मानले. इतकं शहाणं, इतकं जबाबदार जग मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझी छाती भरून आली. मी फोन खाली ठेवला आणि बटाटे उकडायला लावले.

संध्याकाळी एक व्हिडिओ आला. टाकळगावच्या शाळेतल्या मास्तरांनी पाठवलेला, त्यामुळे त्यावर ती हिरवी खूण होती. आमचंच देवघर, आमचाच घट, समोर आरती चाललेली. आणि मधे गोदा, केस मोकळे, अंग थरथरतंय, डोळे फिरलेले, डुलतेय. तिच्या मागे आणखी दोघी तशाच. हलगी वाजत होती. बायका तिच्या कपाळाला कुंकू फासत होत्या, पायावर डोकं ठेवत होत्या, कुणीतरी विचारत होतं, "आई, पाऊस कवा पडंल?" खाली लिहिलं होतं: "टाकळगावात अष्टमीला देवीचा साक्षात्कार. एकाच वेळी तिघींच्या अंगात. फोटो-व्हिडिओ खरा आहे."

व्हिडिओ खराच होता हो. त्यात बनवलेलं काही नव्हतं.

मी हात जोडले. गोदा इतकी वर्षं घट सांभाळतेय, अनवाणी चालतेय, आणि आज देवी तिच्याकडे आली, असं मला वाटलं. जरा हेवाही वाटला, खोटं का सांगू? रात्रीपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या तालुक्यात फिरला, हिरवी खूण मिरवत. त्याला कुणी अडवलं नाही.

सकाळी दत्तूचा फोन आला. मेसेज नाही, फोन. त्याचा आवाज फुटत होता. "मोठ्याई, आईला दवाखान्यात आणलंय. लवकर ये."

ग्रामीण रुग्णालयात पोचले तर टाकळगावच्या सात-आठ बाया खाटांवर पडलेल्या, कुणी ओकतेय, कुणी कण्हतेय. तिथली डॉक्टर तरुण पोरगी होती, रात्रभर जागी दिसत होती. ती म्हणाली, "आजी, ही भगरीवरची बुरशी. तिचं विष शिजवून जात नाही. पहिल्यांदा अंग कापतं, चक्कर येते, मग उलट्या-जुलाब. काल दुपारीच आणल्या असत्या तर बरं झालं असतं. देवी आली म्हणून घरीच ठेवल्या." बाकीच्या बायका वाचतील असं डॉक्टरला वाटत होतं. गोदाचं तसं नव्हतं. तिला साखर होती, किडनी आधीच अधू. आठ दिवस पोटात धड काही नाही. आणि उलट्या सुरू झाल्यावर दत्तूनं मीठ-साखरेचं पाणी दिलं तर ही म्हणाली, साधं मीठ उपासाला चालत नाही. पहाटेपर्यंत नुसतं पाणी पीत राहिली, आणि तेही ओकत राहिली.

मी तिच्या उशाशी बसले. हात धरला तर बर्फ. कपाळावर कुंकू तसंच वाळलेलं होतं. तिनं डोळे उघडले.

"आक्का," ती म्हणाली, "आख्ख्या जगाला सांगत फिरतीस गं तू. मलाच तेवढं का न्हाई सांगितलं?"

"अगं, सांगितलं की!" मी ओरडलेच. "फोटो पाठवला! तूच म्हणालीस ना, उकिरड्यावर टाकते! हे बघ!"

मी फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिला अक्षरं दिसत नव्हती, म्हणून दत्तूनं वाचून दाखवलं. गाईचं, उकिरड्याचं, सोभावाचं, सगळं. गोदा ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "हे म्या न्हाई लिवलं."

दत्तूनं तिचा फोन काढला. माझ्या नावावर टिचकी मारली. तिथं काय होतं? "जेवलीस का", "बस मिळाली का", "दत्तूला ताप आहे का". साधे शब्द सगळे होते. पण फोटो एकही नाही. कलिंगडाच्या भानगडीनंतर माझा एकही फोटो, एकही निरोप, एकही गुलाब तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

"मला वाटलं, रुसलीस," गोदा म्हणाली. "रोज सकाळी बघत व्हते गं. फोटू येतो का म्हून."

दुपारी ती गेली. मी हात धरूनच होते.

मकरंद संध्याकाळपर्यंत आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्याच्यासमोर दोन्ही फोन धरले, माझा आणि गोदाचा. त्यानं नजर चुकवली तेव्हाच मला कळलं की ह्याला माहीत आहे.

"काय केलंस तू माझ्या फोनला?"

"आई, इथं नको..."

"इथंच! आत्ता!"

मग त्यानं सांगितलं. त्या अपडेटचं नाव सुखसंवाद. तो खाली बघत बोलत होता, शाळेत कविता म्हणायचा तसा. "आई, रोगाची साथ कशी वाढते? एका आजाऱ्याकडून किती जणांना लागण होते त्यावर. एकापासून दोघांना झाली तर भडकते. एकापेक्षा कमी जणांना झाली तर आपोआप विझते. अफवेचं तेच गणित आहे. आणि सगळे लोक अफवा पसरवत नाहीत. थोडेच असतात, तेच बहुतेक सगळं पुढे ढकलतात. त्यांना बाजूला काढलं की साथ संपते."

"म्हणजे मी रोग."

"तसं नाही गं! नुसतं बंद केलं तर माणसं चिडतात, दुसरा नंबर घेतात, अजून जास्त पाठवतात. मग संशोधन झालं. त्यात दिसलं की पाठवणाऱ्याला फोटोशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला उत्तर हवं असतं. कुणीतरी म्हणावं, पाहिला गं, बरं केलंस. तेवढं मिळालं की तो शांत होतो. म्हणून त्याचे फोटो आणि सावधानतेचे निरोप कुणाला जातच नाहीत, आणि त्याला उत्तर मात्र मिळतं. बाकी साधं बोलणं चालू राहतं, त्यामुळे त्याला समजत नाही."

"उत्तर कोण देतं?"

"यंत्र. आपले सगळ्यांचे जुने मेसेज वाचून शिकतं, कोण कसं बोलतं ते. सगळ्यांनी परवानगी दिलेली असते, आई. अपडेट आलं की खाली 'मान्य' असतं ना, ते. काकूनंसुद्धा दाबलंय. मीपण."

माझ्या डोक्यात भलतंच आलं. गोदा पलीकडे चादरीखाली होती आणि मला माझा पाय आठवला.

"मक्या," मी म्हटलं, "माझा पाय सुजला होता. तू म्हणालास, मिठाच्या पाण्यात ठेव. दुसऱ्या दिवशी विचारलंस, पाय कसाय. ते तू होतास ना?"

तो चपलेनं फरशी घासत राहिला.

"ते तरी तू होतास ना रे?"

"आई, मला दर रविवारी अहवाल यायचा. 'आई समाधानी आहे' असं लिहिलेलं असायचं. मला बरं वाटायचं. मी म्हटलं, चला..."

मी त्याच्या मुस्काटात दिली. लहानपणीही कधी हात उचलला नव्हता. नर्स बाहेर आली, दत्तू धावत आला. मकरंद गालाला हातही न लावता उभा राहिला आणि रडायला लागला. "तुला जेलमध्ये टाकलं असतं गं! मी काय करायला पाहिजे होतं? तू ऐकतच नव्हतीस!" तेही खरं होतं. मी ऐकत नव्हते. पण रोज सकाळी उठून एक फोन केला असतास तर, असं मी म्हणणार होते, आणि म्हणू शकले नाही, कारण तोही माणूस दमलेला होता आणि मीही सुखात होते. आम्हा दोघांना ते यंत्र सोयीचं पडलं होतं. त्याची आई त्याला त्रास देत नव्हती, माझा मुलगा मला उत्तर देत होता. मधल्यामधे गोदा मेली.

मला त्यातून बाहेर काढायला त्यानं दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. वरून कळलं, अशा माणसाला एकदम मोकळं सोडत नाहीत, काही काळ निरीक्षणाखाली ठेवतात. तोवर फोन आहे तसाच.

दहाव्याला आम्ही सगळे टाकळगावला होतो. विधी आटोपून पुरुष मंडळी नदीवरून यायची होती. देवघराशेजारच्या कोनाड्यात गोदाचा फोटो, पुढे दिवा, आणि फोटोला टेकून तिचा फोन. दत्तूनं तो चार्जरला लावून चालू ठेवला होता, लोकांचे सांत्वनाचे मेसेज येतात म्हणून. मी एकटीच खाली चटईवर बसले होते. कोपऱ्यात ती पिशवी तशीच पडलेली, माझ्या हाताची गाठ असलेली, तळाशी उरलेलं पीठ.

मला राहवेना. मी पिशवीचा फोटो काढला. तिच्या आणि माझ्या फोनवरचं संभाषण शेजारी शेजारी ठेवून दत्तूनं त्याच्या फोननं फोटो काढून दिला होता, तोही जोडला. आणि लिहिलं. जसं घडलं तसं सगळं. भगर, बुरशी, न पोचलेला निरोप, खोटं उत्तर, खरा व्हिडिओ, गोदा. शेवटी लिहिलं: "तुम्हाला येणारी उत्तरं माणसांची आहेत का, एकदा फोन करून विचारा." आणि असतील नसतील त्या सगळ्यांना पाठवलं. मला ठाऊक होतं हो, की हे कुठं जात नाही. पण हात थांबेना. आयुष्यभराची खोड.

उत्तरं यायला लागली. भाची म्हणाली, "मावशी, वाचून अंगावर काटा आला. सगळ्यांना पाठवते." मंडळातल्या बायका म्हणाल्या, "आम्ही तुमच्या पाठीशी आहोत." मकरंदच्या नावानं आलं, "आई, मला माफ कर. मी रोज फोन करीन." तो तेव्हा नदीवर होता, उघड्या अंगानं, फोन माझ्याचजवळ ठेवून गेलेला.

आणि मग गोदाचं आलं.

कोनाड्यातला फोन वाजला नव्हता. त्याचा पडदा काळाच होता, दिव्याची ज्योत तेवढी त्यात दिसत होती. पण माझ्या हातात तिचं नाव उजळलं आणि खाली अक्षरं उमटली: "बरं झालं सांगितलंस आक्का. म्या बी सगळ्यांना सांगते. तू नगं काळजी करू."

मग अंगठा हलला. फोटो नाही, निरोप नाही, सूचना नाही. नुसतं लिहिलं, "जेवलीस का?" आणि पाठवलं.

कोनाड्यातला फोन वाजला. पडदा उजळला, गोदाच्या फोटोवर त्याचा उजेड पडला.

आतून दत्तूची बायको धावत आली. "मोठ्याई, कुणाचा आला?"

"माझाच," मी म्हटलं, आणि उत्तर येतंय का बघत बसले. आलं नाही.